द्रावकांची वाफ आणि श्रमिकाचे मन

चामड्याच्या धंद्यातल्या माणसाविषयी प्रस्थापित समाजाची काही मते ठरून गेलेली आहेत. तो तापट असतो, विसराळू असतो, एका जागी टिकत नाही, संध्याकाळी पिऊन पडतो, सांगितलेले त्याच्या डोक्यात शिरत नाही. ही मते कधी उघड जातीच्या नावाने बोलली जातात, कधी 'संस्कार' आणि 'वातावरण' असे सभ्य शब्द वापरून बोलली जातात. दुःखाची गोष्ट अशी की, आपल्यातले शिकलेले, नोकरीला लागलेले लोकही आपल्याच भाऊबंदांविषयी पुष्कळदा हेच बोलतात. या लेखात मला कार्यकर्त्यांचे आणि शिक्षकांचे लक्ष एका वेगळ्या गोष्टीकडे वेधायचे आहे. पादत्राणे बनवणारा कामगार दिवसाचे दहा-बारा तास ज्या डब्यापुढे बसतो, त्या डब्यातल्या सोल्युशनची वाफ मेंदूवर परिणाम करते. हा परिणाम बहुधा आधी मनःस्थितीवर दिसतो आणि मग विचारशक्तीवर. काही देशांत त्याला रोग म्हणून मान्यता मिळाली आहे, त्याबद्दल नुकसानभरपाई दिली गेली आहे. आपल्याकडे त्याला स्वभाव म्हणतात.

'सोल्युशन' हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. नैसर्गिक किंवा कृत्रिम रबर एखाद्या द्रवात विरघळवून हे चिकट मिश्रण तयार करतात. विरघळवणारा तो द्रव म्हणजे द्रावक. तळाला आणि अप्परला सोल्युशन फासायचे, थोडा वेळ सुकू द्यायचे, मग दोन्ही एकमेकांवर ठोकून बसवायचे, ही रीत धंद्यातल्या पोरालाही ठाऊक असते. पण 'सुकू द्यायचे' म्हणजे काय? द्रावक उडून जाऊ द्यायचा. तो जातो कोठे? त्या खोलीतल्या हवेत, आणि तेथून खोलीतल्या माणसांच्या छातीत. डब्यातले रबर तेवढे चपलेला लागते. बाकीचा द्रव, आणि वजनाने तोच बराच जास्त असतो, खिडकी असेल तर खिडकीवाटे आणि नसेल तर माणसांवाटे जातो.

या द्रवांची नावे कार्यकर्त्याने पाठ केली पाहिजेत : टोल्युईन, हेक्झेन, मिथिल इथिल कीटोन, ॲसिटोन. पूर्वी यांत बेंझीन सर्रास असे. टोल्युईन रंगाच्या थिनरमध्येही असते. त्यामुळे मोटारी रंगवणारा, लाकडी सामानाला पॉलिश करणारा, स्क्रीन प्रिंटिंगच्या खोलीत शाई पुसणारा, हे सारे याच प्रश्नाचे धनी आहेत. रेल्वे फलाटावर रुमालात सोल्युशन घेऊन हुंगणारा पोर आपण पाहतो आणि हळहळतो. तो जे हुंगतो तेच धारावीतला, कुर्ला-चेंबूरकडील ठक्कर बाप्पा वसाहतीतला, आग्र्याच्या मोहल्ल्यांतला कारागीर कामाचा भाग म्हणून हुंगत असतो. पोराला एका दमात पुष्कळ मिळते, कारागिराला थोडे थोडे पण वर्षानुवर्षे मिळते, एवढाच फरक. पहिल्याला व्यसनी म्हणतात; दुसऱ्याच्या बाबतीत काही घडते आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा धंदा मुळातच असा होता असेही नाही. पारंपरिक कोल्हापुरी चप्पल वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या चामड्याची आणि चामड्याच्याच वादीने शिवलेली असे. तिला ना खिळा ना सोल्युशन. आरी आणि रापी हातात धरणाऱ्याची पाठ मोडत असे, बोटे कापली जात, कातडे कमावताना दुर्गंधी असे. त्या कामाचे गोडवे गाण्याचे मला काही कारण नाही. ते काम आमच्यावर लादलेले होते. परंतु त्यात मेंदू बधिर करणारा द्रव नव्हता. रबरी आणि कृत्रिम तळ आले, डझनावर मजुरी आली, शिवण्याऐवजी चिकटवणे आले, आणि तेव्हापासून हा द्रव आमच्या खोल्यांत शिरला. गंमत अशी की लोक याला धंद्याचे आधुनिक होणे म्हणतात.

आता त्या खोलीचा विचार करा. माळा, पत्रा, एक दार, चार-सहा माणसे जमिनीवर बसलेली, मध्ये उघडा डबा. टोल्युईन आणि हेक्झेन यांची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असते. डब्यातून निघालेली दाट वाफ आधी खाली वाहते. म्हणजे खुर्चीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या शेटपेक्षा जमिनीवर बसलेल्या कारागिराला ती आधी आणि अधिक मिळते. काम घरातच असेल तर त्याच जमिनीवर मूल निजलेले असते. वरचा पंखा वाफ बाहेर काढत नाही, खोलीतच फिरवतो. उन्हाळ्यात पत्रा तापला की द्रावक अधिक वेगाने उडतो. पावसाळ्यात दार लावून घेतात, तेव्हा उडालेला बाहेर जात नाही. आणि नाक दगा देते. पहिल्या अर्ध्या तासात वास झणझणतो, मग येईनासा होतो. वास येईनासा झाला म्हणजे हवा शुद्ध झाली असे नव्हे.

श्वासाबरोबर ही वाफ फुप्फुसांत जाते आणि काही मिनिटांतच रक्तात उतरते. द्रावकाचा गुण चरबी विरघळवण्याचा, आणि मेंदू हा चरबीने संपन्न असा अवयव आहे. शिवाय रक्ताचा मोठा वाटा तिकडेच जातो. त्यामुळे द्रावक मेंदूत सहज शिरतो आणि तेथल्या पेशींचा आपसातला व्यवहार मंदावतो. पहिल्या दिवशी हा परिणाम दारूसारखाच असतो. थोडे हलके वाटते, मग डोके जड होते, मळमळते, बोलणे अडखळते. मोकळ्या हवेत रात्र काढली की उतरते. दिवसाचा परिणाम एवढाच असता तर या लेखाची गरज नव्हती. प्रश्न आहे तो दहा-पंधरा वर्षांनी जो उरतो त्याचा.

१९८५ साली जागतिक आरोग्य संघटना आणि उत्तर युरोपातील राष्ट्रे यांच्या तज्ज्ञांची कोपनहेगन येथे बैठक झाली आणि या दीर्घकालीन विकाराच्या पायऱ्या ठरवल्या गेल्या. पहिल्या पायरीवर बिघडते ती मनःस्थिती. माणूस चिडखोर होतो, खिन्न राहतो, थकवा जात नाही, कशात रस वाटत नाही. चाचणी घेतली तर बुद्धीत काही कमी आढळत नाही. या पायरीवर वाफेपासून दूर झाल्यास माणूस पुष्कळ अंशी पूर्ववत होतो. दुसऱ्या पायरीवर हे सगळे असतेच, शिवाय लक्ष लागत नाही, नवे लक्षात राहत नाही, हात आणि विचार दोन्ही सावकाश चालतात. ही हानी पूर्ण भरून येईलच असे नसते. तिसरी पायरी गंभीर बुद्धिभ्रंशाची. ती कामाच्या ठिकाणी क्वचित आढळते. एक गोष्ट दिलासा देणारी आहे. म्हातारपणचा स्मृतिभ्रंश जसा दिवसेंदिवस वाढतच जातो, तसा हा विकार वाफ थांबल्यावर सहसा वाढत नाही.

पहिल्या पायरीकडे पुन्हा पाहा. चिडखोरपणा, खिन्नता, थकवा. हे सांगायला कामगार दवाखान्यात जात नाही. ताप असेल, हात कापला असेल, तर जातो. 'मला हल्ली राग फार येतो' हे कोणत्या डॉक्टरला सांगायचे? ते फक्त घरातल्या बाईला कळते, कारण तो राग तिच्यावर निघतो. म्हणून या रोगाची पहिली साक्षीदार बायको असते, दुसरे साक्षीदार मुले. 'आधी असा नव्हता', हे वाक्य आमच्या वस्त्यांत किती वेळा ऐकू येते! त्या वाक्याकडे आपण रडगाणे म्हणून पाहिले. रोगाचा इतिहास म्हणून ते कोणी लिहून घेतले नाही.

हे ज्ञान काल-परवाचे नाही. कार्बन डायसल्फाइड नावाचा एक द्रावक एकोणिसाव्या शतकात रबर पक्के करण्यासाठी वापरत. ओगुस्त देल्पेश या फ्रेंच डॉक्टराने १८५६ साली पॅरिसमधील रबराच्या लहान लहान कामशाळांतल्या मजुरांचे वर्णन प्रसिद्ध केले. स्मृती जाते, एकाएकी संताप येतो, मग सुन्नपणा येतो, असे त्याने नोंदवले. म्हणजे आज जे आपण 'स्वभाव' म्हणून सोडून देतो, ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी वैद्यकाच्या कागदावर आलेले आहे. इंग्लंडमध्ये थॉमस ऑलिव्हर यांनी १९०२ च्या आपल्या ग्रंथात लिहिले की, रबराच्या कारखान्यांत काही मजूर वेड लागून वरच्या मजल्यावरून उड्या टाकत, आणि म्हणून अशा खोल्या तळमजल्यावर ठेवत किंवा खिडक्यांना लोखंडी गज बसवत. विषाचा बंदोबस्त न करता खिडकीचा बंदोबस्त करण्याची ही बुद्धी नीट पाहून ठेवण्यासारखी आहे. तोच द्रावक पुढे व्हिस्कोस रेयॉनच्या उद्योगात आला. कल्याणजवळ शहाड आणि मोहने येथे रेयॉनचे कारखाने उभे राहिले, तेव्हा त्याचे नाव मुंबई-ठाण्याच्या कामगार कार्यकर्त्यांना परके नसावे.

मोजून पाहण्याचे काम मुख्यतः उत्तर युरोपात झाले. फिनलंडमधील मानसशास्त्रज्ञ हेलेना हॅनिनेन यांनी १९७१ मध्ये कार्बन डायसल्फाइडशी संबंध आलेल्या कामगारांवर, आणि १९७६ मध्ये सहकाऱ्यांसह मोटारी रंगवणाऱ्यांवर, स्मृती, अवधान, हाताची चपळाई यांच्या चाचण्या घेऊन फरक दाखवून दिला. डेन्मार्कमध्ये या विकाराला 'रंगाऱ्यांचा रोग' असेच नाव पडले. तेथे जी शंका घेतली गेली, तीच आपल्याकडेही घेतली जाईल. रंगारी गरीब असतात, पितात, कमी शिकलेले असतात. मग डोके मंद झाले यात रंगाचा काय दोष? याला १९८० साली कोपनहेगनमधील एका अभ्यासाने दिलेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. त्यात रंगाऱ्यांची तुलना डॉक्टर-वकिलांशी न करता गवंड्यांशी केली होती. गवंडी त्याच वर्गातला, त्याच बांधकामावरचा, तेवढाच शिकलेला, दारूही तशीच. फरक एवढाच की गवंडी विटा लावतो आणि रंगारी द्रावक हुंगतो. अकाली बुद्धिभ्रंशामुळे अपंग ठरून निवृत्तिवेतन घ्यावे लागण्याचा धोका रंगाऱ्यांत गवंड्यांच्या तिपटीहून अधिक निघाला. नंतरच्या सर्वच अभ्यासांत एवढा मोठा फरक सापडला नाही, काहींत जवळजवळ नाहीच, आणि यावर वैद्यकात वाद झाले. तो वाद लपवण्याचे कारण नाही. किती प्रमाण, किती वर्षे, किती मोकळी हवा यांवर परिणाम अवलंबून असतो. हॉलंडमध्ये २००० सालापासून व्यावसायिक रंगाऱ्यांना इमारतीच्या आत जास्त द्रावकाचे रंग वापरण्यास बंदी झाली, आणि पुढे नव्या रुग्णांची संख्या घटत गेली. स्वभाव असता तर कायद्याने कसा घटला असता?

पादत्राणांच्या धंद्यापुरते बोलायचे तर जपानचे उदाहरण बोधक आहे. जपानमध्येही चामड्याचा धंदा परंपरेने बुराकुमीन या बहिष्कृत मानल्या गेलेल्या समाजाकडे होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस घरोघरी सँडल चिकटवणाऱ्या कामगारांना बेंझीनमुळे रक्ताचा घातक विकार झाल्याचे उघड झाले, मृत्यूही झाले, आणि १९५९ मध्ये बेंझीनयुक्त सोल्युशनवर बंदी आली. मग बेंझीनच्या जागी हेक्झेन आले. ते निर्धोक समजले जात होते. १९६० च्या दशकात सँडल बनवणाऱ्यांचे हातपाय लुळे पडू लागले. शोध घेतला तेव्हा कळले की हेक्झेन हातापायांचे मज्जातंतू खाते. मिथिल इथिल कीटोन सोबत असेल तर हे काम ते अधिक जोराने करते. पायातली चप्पल निसटली तरी समजत नाही, हे त्याचे एक लक्षण. दुसऱ्याच्या पायात चप्पल घालणाऱ्याला स्वतःच्या पायातली कळू नये! टोल्युईनही असेच बेंझीनला पर्याय म्हणून पसरले, आणि ते रक्ताऐवजी मेंदूकडे वळते. एका विषाच्या जागी दुसरे आणताना प्रत्येक वेळी 'हे सुरक्षित आहे' असे सांगितले गेले आणि प्रत्येक वेळी त्याची परीक्षा कामगाराच्या शरीरावर झाली.

दारूचा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्या चळवळीने व्यसनमुक्तीचे काम निष्ठेने केले आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. पण कार्यकर्त्याने एक गोष्ट समजून घ्यावी. शरीर टोल्युईनचा निचरा यकृतात करते, आणि दारूचाही. दारू आधी पुढे घुसते, टोल्युईन मागे राहते. म्हणून दिवसभर सोल्युशनपुढे बसलेल्या माणसाने संध्याकाळी दारू घेतली की त्याच्या रक्तातले टोल्युईन अधिक काळ टिकते. शिवाय न पिताही तो पिऊन आल्यासारखा दिसू शकतो. अडखळत चालणारा, तोंडाला कसला तरी वास येणारा माणूस रात्री नऊ वाजता वस्तीत येतो. सगळे समजायचे ते समजतात. कारण दोन्ही असू शकतात. त्यांतले एकच ऐकायची आपल्याला सवय लागली आहे, कारण त्यात दोष त्याचा एकट्याचा ठरतो.

कोणी कोणत्या हवेत श्वास घ्यायचा हे आपल्याकडे योगायोगाने ठरलेले नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला होता. जात श्रमिकांचीच वाटणी करते हे त्यांनी १९३६ साली सविस्तर दाखवले. ती वाटणी मजुरीची आहे, मानाची आहे, तशीच ती विषाचीही आहे. ज्या जातींकडे चामडे लावले गेले त्यांच्याच वस्त्यांत सोल्युशनचा डबा आला. डब्याने चिडचीड आणि विस्मरण दिले. मग त्याच चिडचिडीचा आणि विस्मरणाचा पुरावा करून जात कशी 'मुळातच' तशी असते हे सिद्ध केले गेले. कारण आणि परिणाम यांची ही उलटापालट नीट ध्यानात घ्यावी.

येथे एक धोका आहे. 'यांच्या मेंदूवर परिणाम झालेला असतो' हे वाक्य उद्या आपल्याच विरुद्ध वापरले जाईल. काल रक्ताने मंद ठरवले, आज रसायनाने ठरवतील. म्हणून हे स्पष्ट सांगितले पाहिजे की हा परिणाम माणसाला होतो, जातीला नाही. तो आनुवंशिक नाही. ब्राह्मणाचा मुलगा त्याच डब्यापुढे पंधरा वर्षे बसला तर त्याचीही स्मृती तशीच ढिली होईल. आणि त्या खोलीतल्या सगळ्यांनाच होतो असेही नाही. पुष्कळांना काही होत नाही, काहींना पहिल्या पायरीइतकेच होते. सोल्युशनचे काम करून रात्रशाळेत शिकलेले, कविता लिहिणारे, संघटना उभी करणारे लोक आपल्यात आहेत. कोणाला 'बिघडलेला' म्हणण्याचा परवाना कोणाच्या हाती द्यायचा नाही. बोट दाखवायचे ते डब्याकडे आणि तो डबा बिनखिडकीच्या खोलीत ठेवणाऱ्याकडे.

चाचण्यांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. स्मृतीच्या आणि अवधानाच्या बहुतेक चाचण्या शाळेत गेलेल्या माणसासाठी बनलेल्या आहेत. चौथीत शाळा सुटलेल्या कारागिरापुढे अक्षरांचा आणि अंकांचा तक्ता ठेवला आणि तो अडखळला, तर ते द्रावकाने की शाळा सुटल्याने? त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाने वस्तीत असा अभ्यास करायचे मनात आणले, तर तुलना त्याच वस्तीतल्या, तेवढेच शिकलेल्या, पण सोल्युशनचे काम न करणाऱ्या लोकांशी झाली पाहिजे; कोपनहेगनच्या गवंड्यांसारखी. किंवा त्याच माणसाची सोमवारी सकाळी आणि शनिवारी संध्याकाळी परीक्षा घ्यावी. शिक्षणाशी फारसा संबंध नसलेल्या काही खुणाही आहेत. द्रावकांनी निळ्या-पिवळ्या छटांतला फरक ओळखण्याची शक्ती कमी होते. रंगांच्या चकत्या क्रमाने लावायला सांगून ते तपासता येते. टोल्युईन आणि ठोकाठोकीचा आवाज एकत्र आले की कानांना अधिक इजा होते. तीही तपासता येते.

या त्रैमासिकाचे वाचक साहित्याचे वाचक आहेत, म्हणून थोडे विषयांतर करतो. आपल्या आत्मकथनांतून बाप येतो. कामावरून येतो, बोलत नाही, भाकरीवरून भडकतो, मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतो. समीक्षेने या बापाचे दारिद्र्य वाचले, अपमान वाचला, पुरुषी सत्ता वाचली. सगळे खरेच आहे. प्रत्येक बापाच्या रागामागे डबा शोधावा असे मी म्हणत नाही, आणि बायकोवर उचललेल्या हाताला डब्याची सबबही देत नाही. पण तो बाप कोणत्या कामावरून आला, तेथे हवेत काय होते, हा प्रश्न लेखकानेही विचारला नाही आणि समीक्षकानेही नाही. नव्या लेखकांनी तो विचारावा. श्रमाचे वर्णन घामापाशी संपत नाही.

शिक्षकांसाठी एवढेच : ज्या मुलाच्या घरात हे काम चालते ते मूल त्याच हवेत जेवते, अभ्यास करते आणि झोपते. वजनाच्या मानाने ते मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते. सकाळच्या वर्गात ते पेंगत असेल, डोके दुखते म्हणत असेल, सुट्टीत गावी जाऊन आले की तरतरीत दिसत असेल, तर प्रगतिपुस्तकावर 'मंद' हा शेरा मारण्यापूर्वी घरी कोणते काम चालते हे विचारून पाहावे.

उपाय अवघड नाहीत, पण खर्चाचे आहेत म्हणून होत नाहीत. डब्याला झाकण आणि लहान तोंड. थिनरने हात धुणे बंद, कारण द्रावक कातडीतूनही आत जातो. हवा बाहेर फेकणारा पंखा, तोही उंच भिंतीवर नव्हे तर कामाच्या पातळीला, असा की वाफ तोंडावरून न जाता तोंडापासून दूर ओढली जावी. पाण्यात मिसळणारी चिकटद्रव्ये बाजारात आहेत. ती सावकाश सुकतात, आणि डझनावर मजुरी मिळणाऱ्याला सावकाशपणा परवडत नाही. तेव्हा मजुरीचा दर बदलल्याशिवाय द्रव्य बदलणार नाही. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेसाठी कोळशाची कुपी असलेला मास्क लागतो आणि ती कुपी वेळोवेळी बदलावी लागते. हे न सांगता रुमाल वाटण्याचे कार्यक्रम करणे ही फसवणूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

आता कायद्याची बाजू. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात टोल्युईनची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग अशी होती. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ पासून २० भागांची शिफारस केलेली आहे. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवण्याजोग्या रोगांत कार्बन डायसल्फाइडची, तसेच बेंझीन आणि त्याच्या सजातीय द्रव्यांची विषबाधा समाविष्ट होती. टोल्युईन हे बेंझीनचे सजातीय द्रव्यच आहे. असा रुग्ण आढळल्यास तपासणाऱ्या डॉक्टरने निरीक्षकाला कळवावे, अशी जबाबदारी होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेतही ती आहे. पण ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, आणि 'कारखाना' म्हणवण्यासाठी वीज असेल तर वीस, नसेल तर चाळीस माणसे लागतात. आमच्या खोलीत चार किंवा सहा असतात.

नुकसानभरपाईची अडचण दुसरी आहे. १९२३ च्या कायद्यातील आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतील परिशिष्टात बेंझीन व त्याच्या विषारी सजातीय द्रव्यांनी होणारे रोग व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेले आहेत. कामगाराने एकाच मालकाकडे सलग सहा महिने काम केले असेल तर रोग कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाते. मात्र डझनावर काम करणारा कारागीर हंगामात तीन मालक बदलतो आणि कोणाकडेही त्याचे नाव कागदावर नसते. दक्षिण कोरियातील वोनजिन रेयॉनच्या कामगारांना, तेथे तर मोठा कारखाना होता, कार्बन डायसल्फाइडची बाधा मान्य करून घेण्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले. १९९३ मध्ये कारखाना बंद झाला. अखेर नऊशेहून अधिक बाधितांना मान्यता मिळाली. त्यांच्यापाशी निदान हजेरीपट होता.

म्हणून वस्तीतल्या मंडळाने आजच एक वही घालावी. प्रत्येक कारागिराचे नाव, कोणत्या मालकाकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दिवसाला किती तास, कोणत्या नावाचा डबा, त्यावर छापलेला मजकूर, शक्य तर डब्याचे छायाचित्र. पुढे चार प्रश्न : आठवड्याच्या शेवटी डोके जड होते का आणि सुट्टीने उतरते का, सांगितलेले काम विसरते का, राग पूर्वीपेक्षा वाढला का, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा आहे का. हे प्रश्न त्याला विचारावेत, आणि दुसरे-तिसरे प्रश्न त्याच्या घरच्या बाईलाही वेगळे बसवून विचारावेत. उत्तरे तारखेसह लिहावीत आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारावीत. मेडिकलला शिकणारी आपली मुले आता प्रत्येक जिल्ह्यात आहेत. ती वही त्यांच्यापैकी एकाने वाचावी आणि ज्यांना तपासणीची गरज दिसते त्यांना सोबत घेऊन सरकारी रुग्णालयात जावे. केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात 'मजूर' असे न लिहिता 'पादत्राणे, सोल्युशन, इतकी वर्षे' असे डॉक्टरकडून लिहून घ्यावे.